करंगळी अडली पाहिजे

नाही म्हणालो ना एकदा? मग ते इंजिनाचं हेड परत माझ्या बाकावर का ठेवताय? उचला. आणि त्या फडक्यावर नको, ते माझं हात पुसायचं आहे. हवा आत जायचे पोर्ट मोठे करा, आतून आरशासारखे घासा — हे सांगितलं कोणी तुम्हाला? मोबाइलनं? वाटलंच. चाळीस वर्षांपूर्वी आम्हीही तेच करायचो, साहेब, आणि आमच्याकडे मोबाइलही नव्हता. आमचा मूर्खपणा आमच्या स्वतःच्या अकलेचा होता.

तेव्हा हिशेब सोपा — भोक मोठं तर हवा जास्त, हवा जास्त तर गाडी जोरात. कानस घ्यायची आणि खरवडत सुटायचं. मग कुणीतरी म्हणालं गुळगुळीत करा, तर पॉलिश पेपर घासून बोटांची सालं काढली. आत बघून भांग पाडावा असे पोर्ट! आणि गाडी? सपाटीला पळायची, चढाला कण्हायची. का? अहो, हवा म्हणजे काय पोत्यातलं धान्य आहे, तोंड मोठं केलं की भसकन ओतायला? तिला वाट अरुंद लागते, तरच ती धावते. भिंत जरा खरबरीत लागते, नाहीतर पेट्रोल थेंब धरून बसतं. हे मला नाही कळलं. माझ्या जोडीदाराला कळलं — याच बाकाशी उभा असायचा, शाळा माझ्याहूनही कमी. करंगळी घालून मापायचा. करंगळी अडली पाहिजे, म्हणायचा, अंगठा गेला तर हेड भंगारात.

हसू नका. आत बघा. तो फिका डाग — नखाच्या कोरीएवढा — दिसतोय? तुम्ही म्हणता तो दोष, घासून टाका. दोष नाही तो, भर आहे. अ‍ॅल्युमिनियम वितळवून भरलं, मग कानशीनं पुन्हा कोरलं. का भरावं लागलं? कुणीतरी मोठं करून ठेवलं होतं म्हणून. कुणीतरी कसलं — मी. चढाच्या शर्यतीआधी तो जेवायला गेला आणि मी त्याच्या याच हेडात कानस घातली. पाच मिनिटं. तो कायम माझ्यापुढे निघायचा, एवढंच कारण. लोकांना आजही सांगतो, गर्व चढला म्हणून सोडून गेला. कसला गर्व? शर्यत हरला, हेड खोललं, करंगळी घातली, माझ्याकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी आपल्या कानशी गुंडाळल्या आणि गेला.

म्हणून विचारतो, हे आणलंत कुठून? तो मेला तरी ही गाडी विकणार नाही. — वहिनींनी विकली? वहिनी कशाला विकतील? तो काय —

कधी?

आणि इकडेच न्या, असं वहिनी म्हणाल्या की तोच सांगून — नको. सांगू नका.

हात काढा हेडवरचा. काढा म्हणतो ना. हे आता इथंच राहील. ओरडू नका, वरच्या फळीवर माझ्या गाडीचं हेड आहे, याच जातीच्या इंजिनाचं. पोर्ट हवे तेवढे मोठे, आरशासारखे. अंगठा घालून बघा, आरामात जातो. तुम्हाला हेच हवं होतं ना? न्या ते.

निघा. दार ओढून घ्या.