विंडो मोठी करू नका

विंडो हा शब्द घरात जपून वापरा बाई! आमचे सासरे, अण्णा, कॅनडातल्या नातीचे, ओवीचे व्हिडिओ डाउनलोड करायला बसले, की माझी ऑफिसची मीटिंग अडकायची. माझा नवरा मिलिंद अंबडच्या एका कंपनीत नेटवर्कचंच काम बघतो. त्याने अण्णांच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदललं. एका वेळी किती डेटा घ्यायचा, ती मर्यादा कमी केली. तिला म्हणतात रिसीव्ह विंडो. जाता जाता म्हणाला, "अण्णा, विंडो लहान केलीय. मोठी करू नका, हिची मीटिंग अडकते."

परवा बघते तर अण्णा स्क्रीनला नाक लावून बसलेले. व्हिडिओ काडेपेटीएवढा!

"अहो अण्णा, मोठा करा ना!"

"नको गं, तुझी मीटिंग अडकेल."

वर्षभर बिचारे असेच बघत होते. मी पटकन व्हिडिओ स्क्रीनभर केला. ओवी नाचत होती. अण्णा मागे सरले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अगं, मागे भिंतीवर हिचा फोटो लावलाय?"

हिचा म्हणजे आमच्या गेलेल्या सासूबाईंचा. पहिल्या व्हिडिओपासून तो तिथेच होता.