काचेखालचा गठ्ठा

न्हाई, ही फ्रेम मी चिकटवल्याली न्हाई. मी कुशनवाला, चिकटवायच्या सोल्युशनचा डबा माझ्याच दुकानात असतो, म्हनून आधीच सांगून टाकतो. माझा हात त्यात न्हाई.

आता रीतीचं. आजच्या सभेचे अध्यक्ष, व्यासपीठावरचे पाहुणे, ज्यांना आपन निरोप देतोय ते सुहास सर, सरोजिनी वहिनी, शाळेची गुरुजी मंडळी आनि समोर बसलेल्या श्रीरामपूरकर बंधू-भगिनींनो. झालं. कुनी राहिलं असंल तर त्यानं आपलं आपन धरून घ्यावं.

हेडमास्तर म्हनून सर कसे, ते बाकीच्यांनी सांगितलं. लई लांबलं ते. मला त्यातलं कळत न्हाई, मी सातवीत शाळा सोडली. मला सर ठावं हायेत ते रविवार दुपारचे. माझ्या दुकानात फोमच्या लाद्यांवर फळी, फळीवर उरल्यालं रेक्झिन, आनि भवती पत्ते खेळत बसल्याले आमी चौघं. सर, पोस्टातला नृसिंह, टेम्पोवाला वाल्मिक आनि मी.

पत्ते म्हनलं की तुमी गालात हसता. तीन पत्ती न्हाई ती. इथं ज्याचा त्याचा गठ्ठा येगळा. पाकिटं इकत घ्यायची, आत निघंल ते निघंल, अदलाबदल करायची आनि आपल्या सोभावाला जमंल असा गठ्ठा लावायचा. पत्त्यावर राक्षस, जादूगार, किल्ले. लिव्हल्यालं सगळं इंग्रजी. सरांनी एकेक पत्ता वाचून दाखवला, मी चित्रावरनं ध्यानात ठेवला. वीसेक वर्षं झाली. ह्याच्याशी तह करायचा, त्याला पाडायचं, पुढच्या फेरीला तह मोडायचा. बक्षीस? कायबी न्हाई. आधी बाद हुईल त्यानं च्या सांगायचा.

सर तह मोडत नसत. त्यापायी च्या बहुतेक त्यांचाच. नृसिंह म्हनायचा, "मास्तर, तुमी जिंकायला येता का हजेरी घ्यायला?"

मग नृसिंह वारला. छातीत कळ आली, दवाखान्यातबी पोचला न्हाई. पुढच्या रविवारी आमी तिघं बसलो, पत्त्याला कुनी हात लावंना. सरांनी त्याचा गठ्ठा त्याच्या जागेवर ठेवला, पिसला, वरचे सात पत्ते काढून पालथे ठेवले आनि म्हनाले, "नृसिंह बसलाय."

तवापासून आमची रीत. मानूस गेला तरी त्याचा गठ्ठा बसतो. त्याचा डाव आळीपाळीनं खेळायचा, आनि तो खेळला असता तसाच खेळायचा. नृसिंह कायम माझ्यावर टपल्याला. म्हंजे माझी पाळी आली की त्याच्या पत्त्यांनी मी मलाच मारायचो. हसा. आमीबी हसायचो.

सरांचं लेकीकडं, मनवाकडं, बंगळूरला जायचं ठरलं तवा मी एकच इचारलं, फळीचं काय? सर म्हनाले, "कारभारी, माझा गठ्ठा इथंच बसेल. तुम्ही आणि वाल्मिक, दोघांनी चौघांचा डाव चालवा." मी म्हनलं, ठीक हाय. एवढ्यावर माझं भागलं हुतं बघा.

आनि सत्कार समितीनं काय केलं? वहिनींकडं गेले. सरांचं सगळ्यात लाडकं काय हाय ते द्या, म्हनले. वहिनींनी सरांच्या पत्त्यांचा डबा दिला. ह्यांनी एकेक पत्ता प्लॅस्टिकच्या खोळीतून काढला, मखमलीवर चिकटवला, वर काच लावली, खाली सोनेरी अक्षरात नाव. आत्ता जिला टाळ्या वाजवल्या ना तुमी, ती हीच फ्रेम. वहिनी, मान खाली घालू नका. तुमचं चुकलं न्हाई. समितीचंबी न्हाई, ते मानानं करायला गेले. मग रागवायचं कुनावर? सांगा की.

फ्रेम हातात आली तवा सर हसले. मग माझ्याकडं वाकून म्हनाले, "कारभारी, निघतील का हो?"

मी काचेतून बघितलं. म्हनलं, निघतील, पर सोलून. निम्मा पत्ता मखमलीवर राहील.

"मग राहू द्या. लोकांनी प्रेमानं केलंय." आनि फोटोवाल्याकडं तोंड केलं.

तुमी म्हनाल नवे पत्ते घ्या. घेऊ. ते सरांचे कसे हुतील? मनवा म्हनती मोबाईलवर खेळा. मोबाईलमदी समोरच्याचं तोंड दिसत न्हाई, मग तो खोटं बोलतोय का खरं, ते कशावरनं वळखायचं? तिघांचा डाव म्हनाल, तर त्यात दोघं मिळून एकाला खातात, दुसरं काय हुत न्हाई. ह्या रविवारी वाल्मिक ईल. आमी दोघं, गठ्ठे तीन. सरांच्या जागेवर काय ठिवू? ही फ्रेम? तीबी बंगळूरला चाललीय.

नृसिंह मेला, तरी बसला. सर जित्ते हायेत, आनि बसनार न्हाईत.

बोलू दिलं, आभार. कमी-जास्त निघालं असंल तर अडान्याचं म्हनून पोटात घाला. सर, वहिनी, नीट जावा.

काय? आनखी दोन शब्द? न्हाई. एकबी न्हाई. घ्या हा माईक.