पान तीन आणि पान सात

ताई : थांब, थांब. तुझ्या कामाच्या या पुस्तिकेत पान सातवर तू सरकारला विचारतोस, आमच्या गावचा दवाखाना बंद का केला. बरोबर?

आमदार : एकदा नाही, नऊ वेळा विचारलंय! वर्षभर एका दवाखान्याच्या मागे इतकं कुणी हात धुऊन लागलं असेल तर दाखव.

ताई : आणि पान तीनवर?

आमदार : तीनवर माझा फोटो आहे ना?

ताई : फोटोखाली वाच. आधी चष्मा लाव.

आमदार : "अध्यक्ष महोदय, छोटे दवाखाने बंद करून मोठ्या रुग्णालयांत सामावून घेणाऱ्या या विधेयकाला मी मनापासून पाठिंबा..." हे मी बोललो?

ताई : मग काय मी बोलले? सभागृहाच्या नोंदीतून उतरवलंय तुझ्याच सहायकानं. तारखेसकट.

आमदार : अगं, त्या दिवशी मी रस्त्यांवर बोललो. रस्तेच होते. की पाणी होतं?

ताई : मला काय विचारतोस!

आमदार : शेवटच्या बाकावर धड ऐकू येत नाही गं. दुपारी कामकाजाचा क्रम बदलला. पक्षाचा माणूस कागद देऊन गेला. म्हणाला, वेळ उरलाय, पाच मिनिटं उभे राहा आणि हे वाचा. आम्हा मागच्यांना बोलायला मिळतं कुठं? वाचलं.

ताई : काय वाचतोयस ते न बघता?

आमदार : आवाज कापत होता, त्याच्याकडेच लक्ष. पण बाकं वाजली हं! पहिल्यांदाच.

ताई : वाजतील नाहीतर काय! बहिणीचा दवाखाना बंद केलास. अठरा वर्षं नर्स होते मी तिथं.

आमदार : म्हणजे मंत्री दर उत्तरात लिहायचे, "सन्माननीय सदस्यांना याची कल्पना आहेच", ते... मला वाटायचं, मान देतायत.

ताई : कर्म माझं! बदलीपासून रोज दोन बस बदलते मी. आपल्याच पेशंट बायका भेटतात. छाती ठोकून सांगते, माझा भाऊ भांडतोय.

आमदार : भांडतोयच की!

ताई : कुणाशी?

आमदार : ताई, डोकं चालेनासं झालंय. उद्या पुस्तिका छापायला जाणार. पान तीन गाळूया का? फोटो तेवढा पुढं घेऊ.

ताई : गाळ. अडवत नाही मी. फक्त माझ्याकडे बघून सांग. पाच मिनिटं वाचत होतास, मध्ये कुठंच कळलं नाही?

(आमदार चष्मा काढून पुसत बसतात.)

आमदार : शेवटी शेवटी कळलं होतं.

ताई : मग खाली का नाही बसलास?

आमदार : मला वाटलं, दुसऱ्यांचे दवाखाने असतील.