राजवाड्याचं तिकीट आणि दाजींची दाढी

...नाही, तुम्हीच सांगा, समोर असणं हा काय गुन्हा आहे का? माझं सलून राजवाड्याच्या समोर आहे, ही काय माझी चूक? राजवाडा आधीचा, सलून नंतरचं, तेही मी नाही, वडलांनी थाटलं. पण तुम्हाला सांगतो, या गावात कुणाचा साडू आला, कुणाच्या ऑफिसातला साहेब आला, की फोन मला. 'तिकिटांचं जरा बघ ना.' अहो, मी काय बघू? मी दाढ्या करतो! तर म्हणतात, 'असं कसं, समोरच तर आहे!' संपलं. समोरच तर आहे! म्हणजे समोर दवाखाना असता तर ऑपरेशनं केली असती का मी?

आणि मी स्वतः? आजतागायत आत पाऊल टाकलेलं नाही. कसं टाकणार? रविवारी त्यांना गर्दी, रविवारीच मला गर्दी. सोमवारी मी बंद, सोमवारी तेही बंद! आरशात मात्र दिवसभर दिसतो, उलटा. गिऱ्हाईक दाढी करता करता फुकटात राजवाडा बघतं आणि वर मलाच विचारतं, आत काय काय आहे हो?

परक्यांचं ठीक आहे, त्यांना मी उडवून लावायचो. पण एक दिवस ताईचा फोन आला...

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी एवढासा, हिनंच वाढवला मला. कात्री धरायला मी तिच्याच केसांवर शिकलो. पहिल्यांदा कापले ते एका बाजूला कानापर्यंत, दुसऱ्या बाजूला खांद्यापर्यंत, आणि ही बाई तशीच गावभर फिरली, विचारणाऱ्याला ऐटीत सांगायची, 'भावानं कापलेत.' तिनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नाही. आता लेकीकडे निघालेली, पार समुद्रापलीकडे, कायमची. घर आवरलं, भांडीकुंडी वाटून टाकली, आणि फोनवर म्हणते कशी, 'जायच्या आधी एकदा राजवाडा आतून बघायचा होता रे.' मी म्हटलं, ताई, तिकीट मिळत नाही गं. ती हळूच म्हणाली, 'असू दे. मला आपलं वाटलं... समोरच तर आहे.'

या वेळी राग नाही आला हो. म्हटलं, आता काय वाट्टेल ते होवो, ताईला राजवाडा दाखवायचाच.

तसाच ॲप्रनवर समोर गेलो. तिकीट खिडकीला पाटी: तिकिटे फक्त मोबाइलवर. आणि खिडकीत माणूस बसलेला! मी म्हटलं, मग आपण इथे कशाला? तर शांतपणे म्हणतो, 'इथे तिकीट मिळत नाही, हे सांगायला.'

बरं, मोबाइल उघडला. नाव टाका, जन्मतारीख टाका, प्रत्येकाचा फोटो टाका. का, तर दारात कॅमेरा आहे, तो फोटोशी चेहरा ताडून बघतो, एकाचं तिकीट दुसऱ्यानं वापरायला नको. टाकले. मग विचारतो, तुम्ही यंत्र नाही ना? ज्या चित्रात जिना आहे ते निवडा. आता एका चित्रात नुसता जिन्याचा कठडा. कठडा जिन्यात धरायचा की नाही? मी खुर्चीतल्या गिऱ्हाइकाला विचारलं. तो म्हणाला धरा, बाकावरचा म्हणाला अजिबात धरू नका, दोघांची जुंपली, एकाच्या तोंडाला फेस, तो बोलेल तसा भिंतीवर उडतोय, आणि तेवढ्यात पडद्यावर काय? वेळ संपली. पुन्हा पहिल्यापासून! एकदा तर तारीख हिरवी झालेली दिसली, बोट टेकवलं, पण बोटाला साबण, मोबाइल बोटच ओळखेना. पुसेपर्यंत हिरव्याचं करडं झालं.

मग म्हटलं, वशिला. तिकीट विभागाचे साहेब दाढीला माझ्याकडेच येतात. वस्तरा गळ्याशी नेला आणि अदबीनं विचारलं, साहेब, तीन तिकिटं? डोळे मिटून म्हणाले, 'होऊन जाईल.' वस्तरा खाली ठेवला, तोंड पुसलं, तर म्हणतात, 'कठीण आहे हो.' मी पुन्हा वस्तरा उचलला, पण करतो काय, दाढी संपली होती! तुरटी फिरवताना मात्र त्यांना माझी दया आली. म्हणाले, सहलीवाल्यांनी रद्द केलेली तिकिटं सकाळी सकाळी मोबाइलवर परत येतात, तेव्हा टपून बसा.

बसलो टपून. म्हणजे बायको बसली. मला म्हणाली, 'तुम्ही तुमची बोटं लांब ठेवा.' आणि एका सकाळी आतून ओरडली, मिळाली! ताईचं, दाजींचं आणि माझं. मी खुर्चीत एका मास्तरांना अर्धं सोडून रस्त्यावर नाचायला लागलो. ते बिचारे एक गाल गुळगुळीत, एक गाल पांढरा, तसेच दारात येऊन विचारतायत, काय झालं, मुलगा झाला का?

आता दाजी. ताईचे यजमान, बस डेपोत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाले, पण शिट्टी काही तोंडातून गेली नाही. देवमाणूस, फक्त कुठेही गेले की 'चला, आटपा.' ताईला एकदा समुद्र दाखवायला नेलं, तर लाट किनाऱ्याला लागायच्या आत, 'बघितला ना? चला.'

दोघं आदल्या दिवशी आले. दाजींची दाढी छातीपर्यंत, डोक्यावर नुसतं रान. आता तुम्हीच सांगा, माझ्या बहिणीचा नवरा राजवाड्यात निघालाय, आणि मी सलूनवाला! आमच्या धंद्यात माणूस चांगल्या ठिकाणी निघाला की आधी खुर्चीत बसतो. दाजींना बसवलं. जीव ओतला हो. दाढी साफ, मिशी साफ, केस बारीक, वर काळाभोर कलप. दाजी आरशात बघतात आणि मागे वळून बघतात, कोण बसलंय म्हणून! ताई तर चक्क लाजली.

सकाळी दारात. ताई कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, हिरवा दिवा. मी, हिरवा दिवा. दाजी... लाल. पुन्हा उभे केले. लाल! पहारेकरी, तोही माझंच गिऱ्हाईक, फोटोकडे बघतो, दाजींकडे बघतो आणि म्हणतो, हे ते नाहीत. मी म्हटलं, तेच आहेत. मग यांची दाढी? म्हटलं, मी केली. का? आता का म्हणजे काय सांगू? ओळखपत्र काढलं, तर त्यावर दाढी आणखी लांब! शेवटी त्यानं ताईला विचारलं, बाई, हे तुमचेच ना? ताईनं निरखून बघितलं आणि म्हणाली, 'आवाजावरून वाटतात.'

पहारेकरी म्हणाला, माफ करा, यंत्राच्या पुढे माझं चालत नाही. एवढं करून माझ्याच हातानं मी घाण केली होती. दाजी म्हणाले, 'बाहेरून बघितला ना? चला.' ताईनं एकदा आतल्या फरसबंद चौकाकडे बघितलं, एकदा आमच्याकडे. मग पदर खोचला.

"तुम्ही दोघं सलूनमध्ये बसा," म्हणाली. "मी जाऊन येते. आणि तू यांना सोडू नकोस रे, एकटे राहिले तर घरी निघून जातील."

गेली. बसलो आम्ही. दाजी खुर्चीत, डोळे घड्याळावर. दुपार झाली. तिच्या मागून आत गेलेले बाहेर आले, त्यांच्या मागून गेलेलेही आले. ताई नाही. आत जिने किती असतील, तिचा गुडघा कसला, पाणी तरी घेतलंय का... दाजींचं 'आटपा' कधीच बंद पडलं होतं. हळूच म्हणाले, 'तिला एकटीची सवय नाही रे.' आणि उठून दारापर्यंत गेले, तर पहारेकरी विचारतो, आपण कोण?

दार बंद व्हायच्या वेळेला ती आली. सगळ्यांच्या शेवटी, मागे किल्ल्या वाजवत पहारेकरी. दमलेली, पण चेहरा असा की काय सांगू! दाजी रिक्षा बघायला धावले. मी भीत भीत विचारलं, ताई, कसा आहे आतून?

"अरे, एका दालनात खिडकीशी दगडी बाक आहे," ती म्हणाली. "तिथं नुसती बसले. मग उठले, पुन्हा पहिल्यापासून बघितलं. कुणी चल म्हणालं नाही. जन्मात पहिल्यांदा काहीतरी पोटभर बघितलं बघ." आणि रिक्षाकडे नजर टाकून माझ्या कानाशी म्हणाली, "बरं झालं बाबा, दाढी केलीस ते."

जीव भांड्यात पडला माझा! तिथंच सलूनच्या बाकावर बसलो आणि डोळे पुसले, टॉवेल हाताशी होताच.

ताई लेकीकडे सुखरूप पोचली. दाजीही पोचले, तोवर दाढी वाढली होती, नाहीतर विमानतळावरून माझ्याकडेच परत आले असते. पण ही गोष्ट बायकोनं शेजारणीला सांगितली, शेजारणीनं गावाला. आता तिकिटांसाठी एक फोन येत नाही मला. बायकाच नवऱ्यांना घेऊन येतात, खुर्चीत बसवतात, म्हणतात, 'यांना जरा साफ करा हो, उद्याची तिकिटं आहेत.' दुसऱ्या दिवशी बाया आत, आणि हे गुळगुळीत नवरे माझ्या बाकावर रांगेनं बसून विचारतात, अजून किती वेळ?

आणि मगाचपासून माझ्या ओठावर बघताय ना, मिशी कुठे गेली म्हणून? काल आमच्या हिनं दोन तिकिटं काढली. मला वाटलं, चला, एकदाचा मीही आत जाणार. तर आज सकाळी मलाच माझ्या खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, वस्तरा हातात घेतला आणि म्हणाली, 'मान वर करा.'

काय करणार? केली.