झाडावरचं पोर

सिनेमा चांगला की वाईट, ते आमच्या आईला विचारायचं, बाकी कुणाला नाही. मांडवगण फराट्याला तंबूत एकदा पुराचा सिनेमा आला होता. बनवणाऱ्याची ऐपत बेताचीच. धरण मातीचं, घरं पुठ्ठ्याची आणि पूर बहुतेक घंगाळातला. लोक हसत हसत अर्ध्यातच उठले. तंबूचा मालक मशीन बंद करायला निघाला, तर आई एकटी बसलेली. भीमेच्या पुरात मला पोटाशी धरून बाभळीवर बसलेली बाई ती.

"मावशी, चला आता. समदं खोटं हाय ते," मालक म्हणाला.

"पानी खोटं आसंल. पर पोर झाडावर हाय, आन् खरंच रडतंय. ते उतरल्याबिगर मी उठायची न्हाई."

दाराशी थांबलेल्या वडिलांनी डोळे वटारले, तरी ती हलली नाही. शेवटी मालकानं उरलेला सिनेमा तिच्या एकटीसाठी चालवला. बाहेर गेलेली माणसं कनात उचलून एकेक करत आत आली. या वेळी कुणी हसलं नाही. पोर खाली उतरलं, तशी आई पदर सावरून उठली.

"कसा वाटला, मावशी?" मालकानं विचारलं.

"पूर लईच बारका हुता. पर पोर उतरलं न्हवं? मग चांगलाच म्हनायचा."