कोंबड्या किती

पौडच्या स्टँडवर चंद्राबाई पायाशी कोंबड्यांचं डालगं ठेवून एसटीची वाट बघत होती. शेजारी कॉलेजातली दोघं लॅपटॉप उघडून बसली होती. पोरगी स्वरदा, पोरगा मनीष, एवढं बाईला एव्हाना कळलं होतं.

“मनीष, तुझ्या सर्व्हेची सरासरी निघत नाहीये. उद्या सरांना काय दाखवू, तुझं तोंड?”

“घरोघर फिरून आकडे भरलेत मी.”

“प्रोग्रॅमनं फाइल मॅट्रिक्समध्ये वाचली की सगळे आकडे शब्द होतायत. मॅट्रिक्सच्या तक्त्यात सगळं एकाच जातीचं लागतं, आणि कुठेतरी एक शब्द घुसलाय.”

“एका शब्दानं सगळे?”

“पंगतीत एकानं आमटी खारट म्हटली की सगळ्यांना लागते, तसं. थांब, सापडला. कोंबड्यांच्या रकान्यात हे काय? ‘हायेत देवाच्या दयेनं’?”

“त्या आजी आकडा सांगेचनात. मोजलं की दृष्ट लागते म्हणाल्या.”

कुणी का असंना, बाई शहाणी होती, असं चंद्राबाईला वाटलं.

“मग अंदाजे टाकायचास.”

“खोटं कसं लिहू?”

“बरं, हरिश्चंद्रा, रकाना मोकळा सोडायचास.”

“आणि त्यांच्याकडे कोंबड्याच नाहीत असं वाटलं असतं तर?”

“तुला माणसाकडून साधा आकडा काढता येत नाही. बघ आता. मावशी, डालग्यात कोंबड्या किती आहेत हो?”

चंद्राबाईनं पदर ओढून डालगं झाकलं.

“हायेत की बाय, देवाच्या दयेनं.”

“बोला मॅडम,” मनीषनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, “रकान्यात काय टाकू?”