मागाची खोली

चौऱ्याहत्तर साली नागपूरच्या रजिस्ट्री कचेरीबाहेर म्हातारे विणकर नत्थूजी अर्जनवीसाकडून मृत्युपत्र लिहून घेत होते. सोबत बायको होती. मी मागं रांगेत उभा होतो.

“पूर्ण घर धाकट्या जागेश्वरचं लिहा, बाबू.”

“आन् कुसुमावती? थोरला गेला, पण त्याची बायको हाये ना!” म्हातारी म्हणाली.

“जागेश्वर सांभाळून राहिला न तिले, वं.”

“तुमी हाये म्हणून सांभाळते. मंग त्यानं तिले काढलं तर ते कुठी जाईल? दहा वर्सं तुमच्या मागावर बसली.”

“हे खरं हाये. बाबू, मागाची खोली कुसुमावतीले लिहा.”

“तिनं दुसरं लग्न केलं तर खोली परत, असं लिहू?” अर्जनवीसानं विचारलं.

नत्थूजींनी हातानंच त्याला थांबवलं.

“नोका लिहू. पोरगी सासरी गेली म्हणून का कोनी तिचं माहेर वापस घेते?”